कूलंट बदलताय? या चुका टाळा

"आधी हिरवं होतं ना, मग हिरवंच टाकू." गॅरेजमध्ये हे हमखास ऐकू येतं. पण कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. आत गंजरोधक रसायनं कोणती, ते रंगावरून ठरत नाही. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण दोन वर्षं चालतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं पाचेक वर्षं. दोन्ही एकत्र झाली की जास्त टिकणाऱ्याचं आयुष्य घटतं, कधीकधी गाळही धरतो. त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच घ्या.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, पाणी चालतं की!" चालत नाही. पाण्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक, घातलं की उकळबिंदू 100 वरून सुमारे 107 अंशांवर जातो, रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे आणखी वर. मे महिन्यात कसारा घाट चढताना हाच फरक उपयोगी पडतो. शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट असेल, तर निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळा. प्रीमिक्समध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात थेंबही नको. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चूकच, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारी चूक फ्लशिंगनंतरची, म्हणजे आतली यंत्रणा पाण्याने धुतल्यानंतरची. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं. वरून प्रीमिक्स भरलं की मिश्रण पातळ होतं. अशा वेळी मॅन्युअलमधली एकूण क्षमता बघून तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी घाला, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा.

मग एअर लॉक. तापमानाचा काटा वर चढलाय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, तर एक तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. लगेच इंजिन बंद करा. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा, हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू असल्यास तो सैल करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. त्याने इंजिन नीट गरम होत नाही आणि मायलेज पडतं.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, गॅरेजला द्या. ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

आणि पातळी दर महिन्याला उतरत असेल, तर नुसतं टॉप-अप करत बसू नका. होज, वॉटर पंप, रेडिएटर तपासा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं किंवा गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेल्याचा संशय घ्या आणि गाडी चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.