मुंबईहून कुडाळला विमानाने येताय? अंतर आणि वेळ असा काढा

गणपतीला गावी येणारे दरवर्षी विचारतात विमानाने किती वेळ लागतो, आणि कोणीतरी सांगतं "तासभर". तो तास तिकिटावरचा झाला, घरापासून घरापर्यंतचा नाही. आमच्याकडच्या चाकरमान्यांचं हे गणित मीच करून देतो, म्हणून नीट लिहितोय.

आधी तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. चिपी, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातला विमानतळ, एसडीडब्ल्यू, गोव्यातले मोपा जीओएक्स आणि दाबोळी जीओआय. जानेवारी २०२३ ला मोपा चालू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, पण माझ्या मावसभावाने नुसतं गोवा बघून बुक केलं आणि उतरला दाबोळीला, आम्ही गाडी घेऊन मोपाला उभे, रात्र झालेली, सोबत लहान पोरं, खूप हाल झाले त्यांचे.

आता अंतर. कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, एका विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या, मग दुसऱ्यावर क्लिक करा, झालं. नेट नसेल तरी जमतं, कारण आपला किनारा जवळपास उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. मुंबई १९.१, चिपी १६, फरक ३.१, म्हणजे ३४४, थोडं पूर्वेला सरकतो ते धरून ३५० च्या आसपास. मोपा साधारण ३८५, दाबोळी ४२५.

वेळ काढताना लोक हमखास चुकतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किमीच्या आसपास पळतं, त्या हिशोबाने दाबोळी अर्ध्या तासात यायला हवं, पण तिकिटावर सव्वा तास असतो, कारण तो वेळ मुंबईत विमान जागेवरून हललं तिथपासून इकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यात रनवेची रांग, चढणं, उतरणं सगळं आलं. म्हणून अंतर भागिले ८०० करा आणि वर ४० मिनिटं टाका. एटीआर असेल, पंख्याचं छोटं विमान, तर ५०० ने भागा.

दुबईहून येणाऱ्यांनी घड्याळंपण बघा, तिकडे आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, त्यामुळे नुसती सुटायची-पोचायची वेळ वजा केली तर येताना प्रवास दीड तास जास्त दिसतो.

आता घर ते घर. डोंबिवलीतून विमानतळ २ तास, आधी पोचायचं २ तास, फ्लाइट सव्वा तास, बॅगा अर्धा तास, मोपा ते कुडाळ १ तास. पावणेसात तास झाले! दाबोळीला उतरलात तर आणखी दीड तास धरा. चिपी कुडाळला सगळ्यात जवळ, पण तिथे रोज फ्लाइट असेलच असं धरू नका, तुमची तारीख टाकून बघा. आणि बुकिंग झालं की गावच्या गाडीवाल्याला "गोवा" नाही, मोपा की दाबोळी तेच सांगा.