स्थायू, द्रव, वायू: कणांचं वागणं स्वयंपाकघराच्या ओट्यावर कसं दाखवावं

शाळेच्या प्रकल्पवहीत तीन चौकटी ठरलेल्या: पहिलीत ठिपके खेटून, दुसरीत जरा सुटे, तिसरीत विखुरलेले. यातली मधली चौकट बहुतेक वेळा चुकते. द्रवातले कण जवळजवळ स्थायूइतकेच खेटलेले असतात, फक्त त्यांना जागा बदलता येते. संध्याकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तरी उतरणारा सरकत सरकत दारापाशी पोचतो, तसं. (विरार फास्टमध्ये बोरिवलीवाल्याला तेही जमत नाही, त्याला स्थायू समजा.)

मुलांना हे तोंडी सांगू नका, करून दाखवा. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. घरातून दोन काचेचे ग्लास, शाई, कापराची वडी आणि खोबरेल तेल घ्या.

१. सिरिंज

दट्ट्या २० च्या खुणेपर्यंत ओढा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या रेटा. तो बराच आत जातो आणि सोडला की परत येतो. हवेत कणांमध्ये रिकामी जागा आहे म्हणून ती दबते. कण आतून सतत आदळत असतात म्हणून दट्ट्या मागे ढकलला जातो.

आता पाणी भरा. सिरिंजचं तोंड वर करून टिचक्या मारा आणि बुडबुडा पूर्ण काढून टाका, कारण तेवढीच हवा राहिली तरी दट्ट्या हलतो आणि मुलं म्हणतात, ‘पाणीपण दबलं!’ बुडबुडा गेला की कितीही जोर लावा, दट्ट्या जागचा हलत नाही. पाण्याचं आकारमान एक टक्क्याने घटवायलासुद्धा हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाब लागतो. मधल्या चौकटीची चूक इथे सगळ्यांच्या हाताला कळते.

२. शाईचा थेंब

एका ग्लासात फ्रीजचं पाणी, दुसऱ्यात गरम. ओतल्या ओतल्या शाई टाकू नका, पाणी शांत होऊ द्या. मग दोन्हींत एकेक थेंब सोडा. गरम पाण्यात रंग लवकर पसरतो, कारण तिथले कण जास्त वेगाने हलतात. मात्र गरम पाण्यात प्रवाहही फिरत असतात, त्यामुळे सगळं श्रेय कणांना देऊ नये.

कणांची ही धडपड आधी नजरेला पडली ती सूक्ष्मदर्शकाखाली. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांतले बारीक कण पाण्यात थरथरताना दिसले. ते सजीव असल्यामुळे हलत नाहीत, हे त्यांनी निर्जीव पदार्थांची पूड वापरून तपासलं. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात, याचा हिशेब आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला.

३. कापूर

वडी बशीत ठेवा, पंखा बंद करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला थांबा. (मे महिन्यात हा प्रयोग सकाळी उरकावा.) वडी पेटवायची नाही. स्थायूचे कण द्रव न होता थेट हवेत जातात, यालाच संप्लवन म्हणतात. हवेतले रेणू सेकंदाला सरासरी पाचशे मीटरच्या आसपास धावतात, तरी वास लगेच येत नाही, कारण ते वाटेत सतत एकमेकांवर आपटून दिशा बदलतात. प्रयोग झाला की कापूर उचलून ठेवा. लहान मुलाने गिळला तर तो विषारी ठरतो.

४. बर्फ आणि खोबरेल

प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन पातळीची खूण करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. वाटीत पातळ खोबरेल घेऊन खाली फ्रीजमध्ये ठेवा. मुंबईच्या हवेत ते आपण होऊन क्वचितच गोठतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून बघा. बर्फ खुणेच्या वर आलेला असतो, खोबरेल मात्र मधोमध खोलगट बसलेलं. गोठताना बहुतेक पदार्थ खोबरेलासारखे आक्रसतात. पाण्याचे रेणू मात्र गोठताना मध्ये पोकळी राहील अशी रचना करतात, म्हणून आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि बर्फ तरंगतो.

५. आता चित्र

स्थायूत ठिपके खेटून आणि रांगेत. द्रवातही खेटूनच, पण रांग मोडलेली. वायूच्या चौकटीत ठिपका १ मिलिमीटरचा काढला, तर दुसरा साधारण १ सेंटिमीटर लांब हवा. तेव्हा छोट्या चौकटीत तीन-चार ठिपके पुरेत.