पोरीला बर्फावर नेताय? टॉवेल घेतला का?

आधी एक जुना टॉवेल बॅगेत टाका. मग पुढचं वाचा.

आम्ही सोलापूरचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवसरात्र टॉवेलचे लूम चालतात, आमच्याकडे आहेरातही टॉवेल, दिवाळीच्या भेटीतही टॉवेल. आणि गेल्या वर्षी पोरीला पहिल्यांदा बर्फावरच्या फिगर स्केटिंग स्पर्धेला घेऊन गेले, तेव्हा बॅगेत अंग पुसायचे दोन टॉवेल होते, ब्लेड पुसायचा एकही नव्हता. यंदा रोलर स्केट्सवर, म्हणजे चाकांच्या बुटांवर, शिकलेल्या आणखी दोघी बर्फावर जाताहेत. त्यांच्या आया रोज रात्री फोन करतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कागदपत्रं तुम्ही नेणारच. वयाचं मात्र बघून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत हंगाम १ जुलैला सुरू होतो. ज्युनिअर गटात खेळायला त्या १ जुलैच्या आधी १३ पूर्ण लागतात आणि १९ झालेली चालत नाहीत. म्हणजे जुलैत वाढदिवस असलेली पोर अख्खा हंगाम मागे राहते. आपल्याकडच्या लहान गटांचे निकष स्पर्धेच्या पत्रकात असतात, ते पत्रक स्वतः वाचा, दुसऱ्या पालकाच्या तोंडून ऐकू नका.

आता बूट. इथे आपण सगळेच चुकतो, कारण पोरांना चप्पल घेतानासुद्धा वाढत्या मापाची घ्यायची आपली सवय. बर्फाचा बूट वाढत्या मापाचा घेतला तर टाच आत हलते, घोटा डगमगतो आणि पोर ब्लेडच्या काठावर उभीच राहू शकत नाही. हा बूट रोजच्या बुटापेक्षा साधारण एक नंबर कमीच बसतो. पाय मोजून घ्या. आणि आज्जीने बांधून दिलेले जाड लोकरी मोजे घरी ठेवा. आज्जी रुसेल, रुसू दे. आत पातळ मोजा किंवा टाइट्स, बास. नवा कोरा बूट स्पर्धेच्या तोंडावर घालायला देऊ नका, टाचेला असा फोड येतो की पोर जिनासुद्धा उतरत नाही. नाडी घोट्याशी घट्ट, बोटांकडे जरा सैल.

ब्लेडबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच माझं नाक कापलं गेलंय. हे पातं चाकूसारखं एका धारेचं नसतं. त्याच्या खालच्या बाजूने लांबीभर उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही काठांना धार असते, एक आतली, एक बाहेरची. सगळं स्केटिंग या दोन काठांवर चालतं. म्हणून सायकलला चाक लावून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे हे ब्लेड चुकूनही देऊ नका. त्याच्या हातात कला आहे, पण तो पन्हळ सपाट करून देईल. धार रिंकवरच्या मशीनवाल्याकडूनच, तीही स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे पोरीला नव्या धारेवर सराव मिळतो.

आणि झाकणं दोन प्रकारची असतात. प्लॅस्टिकचं कडक झाकण फक्त चालण्यासाठी, फरशीवरून बर्फापर्यंत. कापडी मऊ कव्हर बॅगेत ठेवण्यासाठी. बर्फावरून उतरलं की ब्लेडवर बर्फाचा चुरा असतो, त्याचं दोन मिनिटांत पाणी होतं. ते पुसायचं. पातं पुसायचं, स्क्रू पुसायचे, तळव्याशी जिथे पातं बसवलंय तो कोपरा पुसायचा. टॉवेलने. बाहीने नाही, टिशूने नाही, पोरीच्या जॅकेटने नाही.

आम्ही काय केलं? सराव संपला, पोर भुकेली, मी घाईत. ओल्या ब्लेडवर तसंच प्लॅस्टिकचं झाकण चढवलं, बॅगेची चेन ओढली, लॉजवर गेलो. दुसऱ्या दिवशी बर्फावर वेळ मिळाला नाही, बॅग उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, स्पर्धेच्या दिवशी, झाकण काढलं तर आतून थेंबभर तांबूस पाणी गळालं. काठाने हळदीच्या बोटांसारखे डाग. मी नखाने खरवडलं, नख पिवळं झालं, डाग तिथेच. पोर म्हणाली, "मम्मी, रोलरच्या चाकाला असं होत नाही." हो गं बाई, होत नाही.

मशीनवाल्याच्या हातापाया पडून स्पर्धेच्या तासभर आधी धार लावून घेतली. गंज गेला, पण धार इतकी कोरी की बाहेरचा काठ बर्फात रुतायचा. जवळजवळ सगळ्या उड्या मागच्या दिशेने, बाहेरच्या काठावरच उतरतात. सॅल्कोव नावाची उडी घेतली, पडली. पुढची घेतली, पुन्हा पडली. ज्युनिअर गटात एका पडण्याला १ गुण वजा होतो, वर त्या उडीचे गुण कापले जातात ते वेगळेच. एका टॉवेलचे हे पैसे. टॉवेल, ताई, टॉवेल. दोन न्या, एक ओला होतो.

रोलरवरून आलेल्या पोरींना आणखी एक सांगून ठेवा. रोलरच्या पुढे रबरी स्टॉपर असतो, सवयीने त्यावर थांबायला जातात. बर्फाच्या ब्लेडला पुढे दाते असतात, ते उडी मारायला आणि गिरकीला. त्यावर ब्रेक मारला की पोर नाकावर. आणि पडल्यावर हाताची मूठ मिटायची, पसरलेल्या बोटांवरून मागचीचं पातं जाऊ शकतं. हे घरी गादीवर करून घ्या, हसतील, पण करून घ्या.

थंडी. मे महिन्यात बेचाळीसच्या वर तापणाऱ्या गावातली पोर उणे तीन-चार अंशांच्या बर्फावर उभी राहते, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं ती नुसती दात वाजवते. पातळ कपडे एकावर एक, हातमोजे, आणि बर्फावर जायच्या आधी बाहेर दोरीवरच्या उड्या. सिंगल्सच्या गटाला बर्फावर वॉर्मअपला सहाच मिनिटं मिळतात, ती अंग गरम करण्यात घालवायची नसतात.

ड्रेस गल्लीतल्या टेलरने शिवला तरी चालतो, फक्त चमक्या-मणी ओढून बघा. बर्फावर एखादा मणी पडला तरी १ गुण जाऊ शकतो, शिवाय त्यावर कुणाचं पातं अडकलं तर वेगळंच. संगीत पेनड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे. ज्युनिअरला संगीतावर दोन कार्यक्रम करायचे असतात: छोटा २ मिनिटं ४० सेकंद, मोठा साडेतीन मिनिटं, दोन्हींत १० सेकंद कमीजास्त चालतात. लहान गटांचं पत्रकात.

प्रवास. दिल्लीकडे जायला आपल्याला कर्नाटक एक्स्प्रेस आहे, तिकीट लवकर काढा. स्केट्सची बॅग सीटखाली ढकलू नका, उशाला घ्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बाकी तुम्हाला कळतं. निघायच्या आधी रिंक सुरू आहे का ते फोन करून विचारा. देहरादूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला आणि नंतर कित्येक वर्षं बंद पडला होता. सिमल्याचा रिंक उघड्यावरचा, फक्त हिवाळ्यात.

स्पर्धेच्या दिवशी: लवकर पोचा, हलकं खायला द्या, तिला सूचना देत बसू नका. उतरली की आधी ब्लेड, मग मिठी.

परतीत: पुसा, कापडी कव्हर, बॅग. घरी आल्यावर रात्रीच बॅग उघडा, कितीही दमला असाल तरी. कव्हर काढून ब्लेड वाऱ्यावर ठेवा. ओला टॉवेल धुवायला, कोरडा लगेच बॅगेत.