वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माहिती तंत्रज्ञानाचे धोरण कसे आखावे आणि राबवावे

वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच खाटेभोवती चालतात. अशा संस्थेत डिजिटल कामकाजाची धुरा अनेकदा एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते. त्यांची बाह्यरुग्ण तपासणी, व्याख्याने आणि परीक्षा सुरूच राहतात. हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. ज्याने नोंद करायची, त्याचे स्वतःचे काम त्या नोंदीमुळे हलके झाले पाहिजे, या कसोटीवर धोरणातला प्रत्येक निर्णय घासून पाहावा. रात्रपाळीतल्या निवासी डॉक्टरला आणि वॉर्डातल्या परिसेविकेला जी प्रणाली केवळ वाढीव टंकलेखन वाटते, ती परिपत्रकांच्या जोरावर काही महिने चालते आणि मग कागद परत येतो.

आधी कागदाचा माग काढावा

पहिला महिना खरेदीच्या चर्चेत घालवू नये. एक केसपेपर खिडकीवर निघाल्यापासून अभिलेख कक्षात बांधला जाईपर्यंत कोणकोणाच्या हातांतून जातो, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. उदाहरणादाखल क्षयरोगाचा दाखल रुग्ण घ्या. त्याचे नाव, वय आणि पत्ता केसपेपरवर, वॉर्डाच्या नोंदवहीत, थुंकीच्या तपासणीच्या चिठ्ठीवर, क्ष-किरण विभागाच्या वहीत, क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर आणि डिस्चार्ज कार्डावर पुन्हा पुन्हा लिहिले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच्यावर एखादी प्रक्रिया होणार असेल, तर पूर्वमंजुरीसाठी तीच माहिती आणखी एकदा भरली जाते. पुढे तोच रुग्ण निवासी डॉक्टरच्या लॉगबुकमध्ये आणि कदाचित प्रबंधाच्या मास्टर चार्टमध्येही, म्हणजे सर्व रुग्णांच्या माहितीच्या एकत्रित तक्त्यातही, येतो.

या प्रत्येक नोंदीपुढे ती कोण लिहितो, कोण वाचतो आणि ती नसेल तर कोणाचे काम अडते, असे तीन रकाने करून तक्ता भरावा. कोणीही न वाचणाऱ्या नोंदी प्रशासकीय आदेशाने बंद करता येतात आणि त्यासाठी एकही संगणक लागत नाही. नव्या प्रणालीबद्दल कर्मचाऱ्यांचा पहिला विश्वास अशा आदेशातूनच मिळतो, म्हणून हे काम दुय्यम मानू नये.

अधिकार कागदावर हवा

अधिष्ठाता बदलून जातात, निवासी डॉक्टर तीन वर्षांत आणि आंतरवासी वर्षभरात बाहेर पडतात. म्हणून धोरण एखाद्या उत्साही व्यक्तीच्या भरवशावर न ठेवता महाविद्यालयीन परिषदेकडून तीन वर्षांसाठी मंजूर करून घ्यावे आणि अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची रचना कार्यालयीन आदेशात नमूद करावी. समितीत वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका, अभिलेख कक्षाचे प्रमुख, प्रयोगशाळा, क्ष-किरणशास्त्र आणि औषध भांडार यांचे प्रतिनिधी तर हवेतच. त्यांच्या जोडीला दुसऱ्या वर्षाचा एक निवासी डॉक्टर आणि प्रत्यक्ष वॉर्ड सांभाळणारी एक परिसेविका यांना मताच्या अधिकारासह घ्यावे. विभागप्रमुखांच्या बैठकीत ठरलेला नोंदीचा संगणकीय पडदा रात्री दोन वाजता चालतो का, हे त्या दोघांनाच ठाऊक असते.

रुग्णाची ओळख: सगळ्या इमारतीचा पाया

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा, कारण एका माणसाचे दोन क्रमांक झाले की जुना अहवाल सापडत नाही, आणि दोन माणसांचा एक क्रमांक झाला तर चुकीच्या गटाचे रक्त चढण्यापर्यंत धोका जातो. आपल्याकडची गुंतागुंत आपल्या नावांत आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या स्त्रीच्या आधार कार्डावर वडिलांचे नाव आणि आडनाव असते, शिधापत्रिकेवर सासरचे असते, आणि खिडकीवर सोबत आलेली आई तिसरेच, घरातले नाव सांगते. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’, ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांत संगणक फरक करतो. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या वृद्धांचे वय दर भेटीला वेगळे लिहिले जाते.

यावर उपाय असा की नोंदणीच्या पडद्यावर नवा क्रमांक देण्याआधी शोध घेणे सक्तीचे करावे आणि तो शोध केवळ नावावर न ठेवता मोबाइल क्रमांक, गाव, वयाचा अंदाज आणि उच्चाराशी जुळणारी नावे यांवर चालावा. माहेरचे आणि सासरचे नाव यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. नवजात बाळाला जन्मताच स्वतःचा क्रमांक देऊन तो आईच्या क्रमांकाशी जोडावा. अपघात विभागात आलेल्या अनोळखी रुग्णाला तात्पुरता क्रमांक द्यावा आणि ओळख पटल्यावर दोन्ही नोंदी एकत्र करण्याचा अधिकार अभिलेख कक्षातल्या ठरावीक दोन-तीन व्यक्तींनाच ठेवावा, कारण चुकून एकत्र झालेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणे फार अवघड असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक येथे उपयोगी पडतो. क्यूआर कोड स्कॅन करून रुग्णाने स्वतःच माहिती पाठवली, तर खिडकीवरचे टंकलेखन वाचते आणि रांग पुढे सरकते. मात्र आभा ऐच्छिक आहे, हे नोंदणी कर्मचाऱ्यांना लेखी सांगावे. तो नाही म्हणून कोणालाही परत पाठवता येणार नाही. रुग्णालयाचा स्वतःचा क्रमांक मुख्य आणि आभा त्याला जोडलेला, अशीच रचना ठेवावी.

प्रणालीची निवड आणि करारातील अटी

सरकारी संस्थांपुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-हॉस्पिटल आणि सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संशोधन संस्थेचे ई-सुश्रुत हे रुग्णालय-प्रणालींचे पर्याय आहेत. खासगी व अभिमत विद्यापीठांच्या रुग्णालयांत बहुधा व्यापारी प्रणाली घेतली जाते किंवा स्वतःची बांधली जाते. कोणताही पर्याय निवडला तरी निविदेत अथवा करारात काही गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात. माहितीची मालकी रुग्णालयाची राहील. करार संपल्यावर संपूर्ण माहिती वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात, तिच्या रचनेच्या वर्णनासह, ठरावीक मुदतीत मिळेल. आणि या हस्तांतरासाठी वेगळे शुल्क लागणार नाही. कराराची मुदत संपली आणि जुन्या नोंदी कुलुपात अडकल्या, ही अवस्था टाळण्याची वेळ सही करण्यापूर्वीचीच असते. पुरवठादाराला दरवर्षी एकदा हे हस्तांतर चाचणी म्हणून करून दाखवायला लावावे.

मानकांचा आग्रहही करारातच धरावा: प्रतिमांसाठी डायकॉम, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर, प्रयोगशाळा तपासण्यांसाठी लॉइंक, निदानासाठी आयसीडी आणि वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य असल्यामुळे देशात तिच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. त्याच्याशी सुरुवातीलाच संपर्क साधावा.

कोणते काम आधी

डॉक्टरांच्या टिपणांपासून सुरुवात करू नये. त्यात टंकलेखन सर्वांत जास्त आणि लगेच मिळणारा लाभ सर्वांत कमी असतो. प्रयोगशाळेचे अहवाल आधी घ्यावेत: नमुन्याच्या नळीवर बारकोड, यंत्रातून थेट प्रणालीत येणारा निकाल आणि वॉर्डातल्या पडद्यावर तो लगेच दिसणे. सकाळच्या राउंडपूर्वी अहवाल गोळा करण्यासाठी जिने चढउतार करणाऱ्या कनिष्ठ निवासी डॉक्टरचा तासभर वाचला, की प्रणालीची बाजू तोच इतरांना पटवून देतो. पोटॅशियमसारखा निकाल धोकादायक पातळीवर असेल तर पडद्यावरच्या सूचनेवर विसंबू नये. प्रयोगशाळेने फोन करावा आणि कोणाला, किती वाजता कळवले याची नोंद प्रणालीत राहावी.

त्यानंतर डिस्चार्ज कार्ड घ्यावे. अहवाल, निदान आणि औषधे आधीच प्रणालीत असतील तर कार्ड बरेचसे आपोआप तयार होते, योजनेच्या दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे त्यातूनच निघतात, आणि रुग्णाला मराठीत छापलेल्या औषधसूचना देता येतात. ‘जेवणानंतर, सकाळी व रात्री’ हे स्पष्ट अक्षरांत मिळणे रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा असू शकते.

तिसरा टप्पा प्रतिमांचा. येथे साठवणुकीचा हिशेब आधी करावा. सीटी स्कॅनचा एक छेद साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपका दोन बाइटचा, म्हणजे अर्धा मेगाबाइट होतो. ५०० छेदांची एक तपासणी सुमारे २५० मेगाबाइट जागा घेते. दिवसाला ६० तपासण्या होत असतील तर रोज १५ गिगाबाइट आणि वर्षाला साडेपाच टेराबाइटच्या जवळपास साठा केवळ सीटीचा होतो. सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप यांची मागणी अशा आकड्यांसह मांडली, तर ती वित्त विभागात टिकते. त्याचबरोबर वॉर्डातल्या संगणकांसाठी अखंड वीज आणि नेटवर्कचा दुसरा मार्ग यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

प्रणाली बंद पडेल, हे धरूनच चालावे

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढचे सुमारे दोन आठवडे तिथले बरेचसे काम हाताने करावे लागले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झाली आणि नेटवर्कचे योग्य विभाजन नसणे हे त्यामागचे कारण होते. यावरून घ्यायचा धडा प्रत्यक्ष कामाचा आहे: वसतिगृह, ग्रंथालय, कार्यालय, वैद्यकीय उपकरणे आणि रुग्णनोंदी यांचे नेटवर्क वेगवेगळे असावे, म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमधला विषाणू अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचणार नाही. बॅकअपच्या किमान तीन प्रती ठेवून त्यांपैकी एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली असावी, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत्यक्ष उघडून नोंदी परत येतात का, हे पाहावे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग (आपोआप होणाऱ्या वापराच्या नोंदी) १८० दिवस देशात जपावे लागतात. कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी आधीच ठरलेले असावे.

प्रत्येक वॉर्डात एक पेटी ठेवावी. तिच्यात अनुक्रमांक छापलेले कोरे केसपेपर, तपासणीच्या चिठ्ठ्या, औषध तक्ते, नळ्यांसाठी तयार लेबले, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक आणि दर चार तासांनी छापली जाणारी खाटांची यादी असावी. त्या यादीत रुग्णाचे नाव, निदान, ॲलर्जी आणि चालू औषधे हवीत. वर्षातून दोनदा पूर्वसूचना देऊन दोन तास प्रणाली बंद ठेवून सराव घ्यावा. सरावानंतर कागदावरच्या नोंदी प्रणालीत कोण आणि कधी भरणार, हेही तपासावे, कारण खरा गोंधळ प्रणाली सुरू झाल्यानंतरच्या दिवशी होतो.

पासवर्ड, व्हॉट्सॲप आणि रुग्णाचा विश्वास

एका युनिटमध्ये सगळे एकाच्याच पासवर्डने काम करत असतील, तर शिस्तभंगाच्या नोटिशीआधी लॉगिनला किती वेळ लागतो, ते मोजावे. कार्ड टेकवून किंवा बोटाच्या ठशाने काही सेकंदांत प्रवेश मिळाला तर पासवर्ड देण्याघेण्याचे कारणच उरत नाही. खाते रुजू होण्याच्या दिवशी सुरू आणि कार्यमुक्तीच्या दिवशी आपोआप बंद व्हावे, यासाठी ते आस्थापना शाखेच्या नोंदीशी जोडावे.

क्ष-किरण फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून वरिष्ठांचा सल्ला घेण्याची पद्धत रुग्णाच्या हितासाठीच रूढ झाली आहे, त्यामुळे पर्याय दिल्याशिवाय तिच्यावर बंदी घालू नये. रुग्णालयाच्याच प्रणालीतून मोबाइलवर प्रतिमा पाहता येईल अशी सुरक्षित सोय आधी करावी, मग बंदीचा आदेश काढावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दंडापेक्षाही मोठे दायित्व असे की एचआयव्ही, मानसिक आजार किंवा गर्भपाताची नोंद गावात पोहोचली, तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. अशा नोंदींना वेगळे कवच द्यावे, त्या कोणी उघडल्या याचा मागोवा ठेवावा आणि तो दरमहा खरोखर वाचला जावा.

अध्यापनासाठी विद्यार्थ्यांना त्यांच्या युनिटमधील दाखल रुग्णांपुरताच आणि केवळ पाहण्याचा प्रवेश द्यावा. वर्गात दाखवायच्या प्रतिमांवरून नाव व क्रमांक काढणारे साधन प्रतिमाप्रणालीतच असावे. डॉक्टरांना ते स्वतः पुसत बसायला लावू नये.

संशोधन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रबंधासाठी अभिलेख कक्षात महिनोन्‌महिने गठ्ठे सोडणारे पदव्युत्तर विद्यार्थी सगळीकडे आहेत. नैतिकता समितीच्या मंजुरीपत्रासह अर्ज केल्यास ओळख काढून टाकलेली माहिती ठरावीक दिवसांत देणारा एक छोटा कक्ष सुरू करावा. निदान नीट नोंदवले तर आपल्याच प्रबंधाचे काम सोपे होते, हे एकदा लक्षात आले की नोंदींचा दर्जा सुधारतो, आणि हा लाभ वैद्यकीय महाविद्यालयांना विशेषत्वाने मिळू शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत घाई नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्ये त्यासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. छातीच्या क्ष-किरणावर क्षयाची शंका दाखवणारे साधन घ्यायचे असेल, तर ते आधी आपल्याच रुग्णांच्या जुन्या, निदान निश्चित झालेल्या फिल्मवर तपासावे आणि अंतिम सही क्ष-किरणतज्ज्ञाचीच राहावी.

दर तीन महिन्यांनी काय मांडावे

महाविद्यालयीन परिषदेपुढे किती संगणक बसवले, याची यादी ठेवू नये. केसपेपर मिळायला लागणारा सरासरी वेळ, दुबार क्रमांकांचे प्रमाण, नमुना घेतल्यापासून निकाल वॉर्डात दिसेपर्यंतचा काळ, नोंदींची प्रत मागणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांना नियमानुसार ७२ तासांत ती मिळाली, आणि प्रणाली किती तास बंद होती, एवढे आकडे पुरेत. त्यांच्याखाली त्या तिमाहीत बंद केलेल्या नोंदवह्यांची नावे लिहावीत. एकही वही बंद झालेली नसेल, तर पुढच्या टप्प्याची खरेदी थांबवून पहिल्या महिन्यातला तक्ता पुन्हा काढावा आणि त्याच परिसेविकेला सोबत घेऊन त्याच वॉर्डातून पुन्हा चालत जावे.