धरणाकाठी तंबूत मुक्काम: मुलांना सोबत नेताना

पवना किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुलांसह तंबूत राहायचे ठरले असेल, तर सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास तरी तिथे पोहोचावे. तंबूची जागा, पाण्याचा काठ आणि स्वच्छतागृहाची वाट मुलांना उजेडात पायी फिरून दाखवता आली, तर रात्रीची बरीच काळजी मिटते.

धरणाचा काठ वरून उथळ दिसला, तरी आत दोन पावलांवर उतार एकदम खोल जाऊ शकतो आणि तळच्या गाळात पाय रुतू शकतो. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून ‘आम्ही सगळे आहोत ना’ यावर न विसंबता, मुले पाण्याजवळ असतील तोवर एकाच मोठ्या माणसाने, मोबाइल बाजूला ठेवून, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे आणि ही पाळी दुसऱ्याला सोपवताना तसे स्पष्ट सांगावे. होडीत बसण्यापूर्वी मुलाचे लाइफ जॅकेट खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर ते मापाचे नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त सावधगिरी झोपण्याच्या व्यवस्थेत हवी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरू शकते आणि तिचा दंश अनेकदा दुखत नाही, की त्याची खूणही दिसत नाही. त्यामुळे तळाशी शिवलेला, पूर्ण बंद होणारा तंबूच घ्यावा, त्याची चेन दिवसाही लावलेली ठेवावी आणि आत खाऊ ठेवू नये, कारण खाऊमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठले, त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा बोलणे अडखळू लागले, तर रात्रीचे जेवण बाधले असे समजून थांबू नये. पैंजण, कडे, घट्ट दोरा काढावा, दंशाची जागा कळत असेल तर तो हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि मुलाला चालू न देता उचलून दवाखान्यात न्यावे. चिरा देणे, विष चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. सर्पदंशावरच्या लसीची मात्रा मुलांनाही मोठ्यांइतकीच लागते. तेव्हा ती जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पुरेशी आहे ना, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारावे.

कोकणात मुक्काम असेल, तर लाल विंचवाचाही विचार करावा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि त्यामुळे अनेक जीव वाचले, पण उपचार वेळेत मिळावा लागतो. दंशानंतर मुलाला दरदरून घाम येऊन उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकण्याची सवय मुलांना लावावी.

थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूत आणू नये, विझत आलेलीही नाही; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. ऊब हवी असेल, तर जादा पांघरूण न्यावे.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि हाताशी टॉर्च असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात, पण डोंगरांच्या कुशीत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे तळावर पोहोचण्यापूर्वी रस्त्यावर शेवटची रेंज कुठे मिळते, ती जागा जातानाच हेरून ठेवावी आणि रात्री गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी करावी.