जुन्या डच जीवनासाठी एक दिवस

ॲमस्टरडॅमहून एकच दिवस हाताशी असेल, तर गर्दीच्या झान्से स्खान्स या पवनचक्क्यांच्या गावाऐवजी रेल्वेने साधारण तासाभरावर असलेल्या एन्कहाउझनचे झाउडरझे संग्रहालय निवडावे. झाउडरझे हा मुळात जमिनीत आत शिरलेला समुद्र; १९३२ मध्ये बांध पूर्ण होऊन तो अडवला गेला आणि मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्याचे जीवन पालटले. तेथील जुनी घरे व दुकाने या संग्रहालयात पुन्हा उभारली आहेत. लोहारकाम, दोर वळणे, पारंपरिक पोशाख आणि लाकडाच्या धुरावर शिजवलेले हेरिंग मासे हे सारे खुल्या विभागात असून तो हिवाळ्यात बंद असतो, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात जावे. शाकाहारी व्यक्तींनी चीज घेताना विचारावे, कारण पारंपरिक खाउडा चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात.