जोडीदाराची फसवणूक उघड करणाऱ्या ऑनलाइन सेवा कशा पारखाव्यात

जोडीदारावर संशय येऊ लागला की झोप उडते, आणि मग अपरात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. ‘फक्त नंबर द्या, पाच मिनिटांत सत्य कळेल’ अशा जाहिराती नेमक्या या अवस्थेतील माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. पैसे भरण्यापूर्वी त्या सेवेची परीक्षा घेता येते आणि ती घ्यायलाच हवी, कारण यांतील बहुतेक सेवा विकतात ते सत्य नसून फार तर एखादा धागा असतो, आणि त्यासाठी पैशांबरोबरच आपली व जोडीदाराची खासगी माहितीही द्यावी लागते.

आधी सेवा कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे. काही सेवा नाव, वय आणि ठिकाण यांवरून डेटिंग अ‍ॅपवरील प्रोफाइल शोधतात, तर काही छायाचित्रावरून चेहरा जुळवतात. काही जोडीदाराच्या मोबाइलमध्ये लपून राहणारे हेरगिरीचे अ‍ॅप विकतात, आणि काही ‘निष्ठेची परीक्षा’ म्हणून अनोळखी व्यक्तीकडून जोडीदाराला गोड संदेश पाठवतात. यांखेरीज केवळ नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाचून दाखवण्याचा दावा करणारेही आहेत. हा शेवटचा दावा सरळसरळ लबाडीचा समजावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण २०१६ पासून दोन्ही टोकांना कूटबद्ध असते, म्हणजे ते फक्त पाठवणारा आणि मिळवणारा यांनाच वाचता येते. जोडीदाराचा मोबाइल किंवा त्याला जोडलेले एखादे उपकरण हाती आल्याशिवाय, निव्वळ नंबराच्या आधारे, कोणतेही संकेतस्थळ ते वाचून दाखवू शकत नाही.

प्रोफाइल शोधणाऱ्या सेवेची परीक्षा घेण्याची एक साधी रीत आहे. प्रथम एखादे मनाने रचलेले, अस्तित्वात असणे जवळजवळ अशक्य असे नाव आणि सुचेल ते वय भरावे. पडद्यावर शोध चालू असल्याची पट्टी सरकली आणि ‘तीन गुप्त प्रोफाइल सापडले, पाहण्यासाठी पैसे भरा’ असे उत्तर आले, तर ते पान तिथेच बंद करावे; जे नाव कोणाचेच नाही त्याचे प्रोफाइल सापडते, याचा अर्थ शोध मुळात झालेलाच नाही. ही पायरी पार पडली तर पुढची परीक्षा ज्यांचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा माणसांवर घ्यावी. त्यांची स्पष्ट संमती मात्र घ्यावी: अ‍ॅप रोज वापरणारी एक व्यक्ती, ज्याने असे अ‍ॅप कधीच वापरले नाही असा एक जण आणि खाते रीतसर बंद केलेला एक जण. ज्या सेवेला या तिघांबद्दल बरोबर उत्तर देता येत नाही, तिने चौथ्याबद्दल दिलेल्या उत्तरावर संसार तोलू नये.

परीक्षेत उतरलेल्या सेवेचे उत्तरही जपून वाचावे लागते. प्रोफाइल सापडले नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही; व्यक्ती दुसऱ्या नावाने, दुसऱ्या अ‍ॅपवर, ठिकाण बदलून किंवा प्रोफाइल लपवूनही वावरत असू शकते. सापडले याचा अर्थही वाटतो तितका सरळ नसतो. मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले तरी त्यामुळे खाते पुसले जात नाही, म्हणून तुमची ओळख होण्यापूर्वीचे विसरलेले खाते आजही शोधात येऊ शकते. शिवाय दुसऱ्यांची छायाचित्रे चोरून बनावट प्रोफाइल उभी करणारे भामटे कमी नाहीत, आणि चेहरा जुळवणारी यंत्रणा सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांची गल्लत करू शकते. म्हणून पाहायचे ते असे: छायाचित्र तुमचे नाते जुळल्यानंतरचे आहे का, वर्णनात अलीकडच्या नोकरीचा किंवा जागेचा उल्लेख आहे का, दाखवलेले ठिकाण जोडीदार खरोखर जिथे होता त्याच्याशी जुळते का. यांपैकी काहीच ठरवता येत नसेल, तर हाती पुरावा आला असे मानू नये.

ई-मेल पत्त्यावरून होणाऱ्या शोधाबाबत अ‍ॅश्ली मॅडिसन या संकेतस्थळाचे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या या संकेतस्थळाची माहिती २०१५ मध्ये चोरीला जाऊन तीन कोटींहून अधिक खात्यांचा तपशील उघड झाला, आणि त्यात नावे शोधून देणारी पाने लगोलग उभी राहिली. परंतु नोंदणीच्या वेळी दिलेला ई-मेल पत्ता त्याच व्यक्तीचा आहे की नाही याची पडताळणी ते संकेतस्थळ सक्तीने करत नव्हते. कोणीही कोणाचाही पत्ता टाकू शकत होता. त्यामुळे यादीतील पत्त्यावरून त्या माणसाने स्वतः नोंदणी केली होती, एवढेही सिद्ध होत नव्हते.

हेरगिरीच्या अ‍ॅपपासून मात्र पूर्णपणे दूर राहावे असे माझे ठाम मत आहे. संमतीशिवाय दुसऱ्या सज्ञान व्यक्तीचे संदेश, फोन आणि ठावठिकाणा टिपणे अनेक देशांत गुन्हा आहे. जोडीदार असल्याने ती मुभा मिळत नाही, आणि अशा मार्गाने मिळवलेली माहिती न्यायालयात उपयोगी पडण्याऐवजी उलट मिळवणाऱ्याच्याच अंगाशी येऊ शकते. ही अ‍ॅप विकणाऱ्या कंपन्यांची सुरक्षितताही अत्यंत ढिसाळ ठरली आहे. स्पायफोन चालवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२१ मध्ये पाळत ठेवण्याच्या व्यवसायातून हद्दपार केले. लेटमीस्पाय २०२३ मध्ये आणि पीसीटॅटलटेल २०२४ मध्ये हॅकिंगनंतर बंद पडले. एमस्पायच्या २०२४ मधील गळतीत तर ग्राहकांनी मदत कक्षाला लिहिलेले लाखो संदेश बाहेर आले, म्हणजे ज्यांनी इतरांवर पाळत ठेवण्यासाठी पैसे भरले त्यांचीच ओळख उघडी पडली.

‘निष्ठेची परीक्षा’ या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगता येते. जी घटना एरवी घडली नसती, ती इथे मुद्दाम घडवून आणली जाते, आणि परीक्षा घेणाऱ्याचा धंदा खळबळजनक निकालावर चालतो. उत्तर काहीही आले तरी गेल्या वर्षभरात काय घडले ते त्यातून कळत नाही.

अनोळखी लोकांनी दिलेल्या माहितीवर चालणारी अ‍ॅपही आहेत. स्त्रियांना पुरुषांविषयी एकमेकींना सावध करता यावे म्हणून निघालेल्या ‘टी’ या अ‍ॅपचा हेतू समजण्यासारखा होता. पण जुलै २०२५ मध्ये त्यातून सुमारे ७२ हजार चित्रे फुटली आणि त्यांत पडताळणीसाठी दिलेली सुमारे १३ हजार छायाचित्रे व ओळखपत्रे होती. त्यामुळे ओळखपत्र मागणाऱ्या कोणत्याही सेवेला ते देण्यापूर्वी, उद्या ते चारचौघांत आले तर चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

एवढे करूनही शोध घ्यायचाच असेल, तर एकाच शोधाचे पैसे भरावेत. स्वस्त चाचणीच्या आड दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी दडलेली असते, म्हणून रद्द करण्याची अट आधी वाचावी. स्वतंत्र ई-मेल वापरावा, आणि मर्यादा घालता येणारे कार्ड असल्यास तेच द्यावे. जोडीदाराचा नंबर किंवा छायाचित्र चढवण्यापूर्वी ते पुसून टाकण्याची सोय आहे का ते पाहावे.

संशयाचे मूळ बहुधा प्रत्यक्ष वागण्यात असते: न जुळणाऱ्या वेळा, हिशेबात न बसणारा खर्च, अचानक वाढलेली गुप्तता. बोलायला बसाल तेव्हा ‘मला सगळे कळले आहे’ असा बनाव न करता, तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी नेमकी गोष्ट सांगून तिचा खुलासा मागावा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. शारीरिक संबंध चालू असतील तर लैंगिक आजारांची तपासणी, संशय खरा ठरण्याची वाट न पाहता, करून घ्यावी. त्यासाठी काहीही सिद्ध करावे लागत नाही. प्रकरण घटस्फोटापर्यंत जाण्याची शक्यता असल्यास काहीही गोळा करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि जोडीदार हात उगारणारा किंवा धमकावणारा असेल, तर त्याला एकट्याने जाब विचारू नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेशी, जोडीदाराला पाहता येणार नाही अशा फोनवरून, आधी बोलावे.